वृद्धांचे घर : एका कामगार कार्यकर्त्याचे विचार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर बहुधा विद्वान माणसे येतात. आमचे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंत झाले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि रात्री वाचनालयाच्या दिव्याखाली. तेव्हा चालकांनी आम्हांला विषय विचारला, त्या वेळी हा मनुष्य पगार, बोनस, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांपैकी कशावर तरी बोलेल अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही सांगितले, "आम्ही मोरीवर बोलू." फोनवर पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग त्यांनी जपून विचारले, "मोरी म्हणजे न्हाणीची मोरी ना?" आम्ही म्हटले, "होय, तीच. आणि तिच्यात पाय घसरून पडणारी आपली वडीलधारी माणसे."

विषय घरगुती आहे. परंतु तो लहान आहे असे कोणी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मरण पावतात. अपघाती मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल याच कारणाचा क्रमांक लागतो, आणि त्यांत साठी उलटलेल्यांचा भरणा सर्वांत जास्त असतो. आपल्या देशात २०११ च्या शिरगणतीत साठीवरची माणसे १० कोटी ३८ लाख होती. रस्त्यावर अपघात झाला की पंचनामा होतो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. म्हातारा मोरीत पडला की पंचनामा नाही, बातमी नाही. शेजारीपाजारी येऊन बसतात, चहा होतो आणि कोणीतरी म्हणते, "वय झालं होतं हो." या 'वय झालं होतं' एवढ्या तीन शब्दांविरुद्ध आम्ही आज आपल्यापुढे उभे आहोत. आणि हे तीन शब्द आम्ही स्वतःही एकदा उच्चारलेले आहेत, हे प्रथमच कबूल केलेले बरे.

आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणत असू, लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले आणि त्यांतले पुष्कळजण पुन्हा कधीच खात्यात परतले नाहीत. नाना त्यांपैकी एक. त्यानंतर त्यांनी रात्रपाळीची रखवाली केली, आम्ही शाळा सोडून वर्कशॉप धरले, आणि संसार रेटला गेला. तीस वर्षे ज्या माणसाने दोन साच्यांच्या मधल्या बोळातून धोटा चुकवीत ये-जा केली, त्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. तो माणूस २००९ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, पहाटे चार वाजता आमच्या चाळीतल्या खोलीच्या मोरीत पडला.

चाळीत पाणी पहाटे येते हे आपल्यापैकी ज्यांनी मुंबईचे दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक आहे. आईने पिंप भरले होते, मोरी ओली होती, कडेला साबणाचा तुकडा होता, आणि दिव्याचे बटण खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते. बाकीचे झोपलेत, त्यांची झोप मोडू नये म्हणून नानांनी दिवा लावला नाही. मोरीचा सहा इंचांचा कठडा ओलांडताना पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले, पण नाना पुन्हा पूर्वीसारखे चालले नाहीत. अंथरुणावरून उठणे बंद झाले, छातीत कफ साठला, आणि वर्ष उलटण्यापूर्वीच ते गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही सांगत असू, "काय करणार, वय झालं होतं. आणि दिवा लावायला नको का माणसानं?"

पुढे दोन वर्षांनी एक चौकशी आमच्यापुढे आली. ठाण्याकडच्या एका लहानशा कारखान्यात पॉवर प्रेसवर एका तरुण कामगाराची दोन बोटे गेली होती. व्यवस्थापनाचा अहवाल एका ओळीचा होता : कामगाराचा निष्काळजीपणा. आम्ही ताडकन उठून बोललो, "साहेब, हा मनुष्य एका पाळीत हजारो वेळा त्या प्रेसखाली हात घालतो. हजार वेळा सावध राहिला आणि एकदा चुकला, तर तो निष्काळजी ठरत नाही. तो माणूस आहे. माणूस चुकणारच हे धरून यंत्राला गार्ड लावायचा असतो. तो गार्ड कोणी काढला ते आधी सांगा." हे आमचे वाक्य काही नवीन नव्हते. कामगार चळवळीने ते शंभर वर्षे म्हटले आहे. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट १८८१ सालचा; त्यातही धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद होती. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याने कामगाराचा साधा निष्काळजीपणा ही मालकाची सबब मानली नाही. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टाने कुंपणाचे नियम अधिक कडक केले. त्या सर्वांमागे एकच विचार आहे : अपघात माणसाच्या चुकीने सुरू होत असेल, पण तो घडतो जागेच्या रचनेमुळे, आणि रचना बदलता येते.

त्या दिवशी लोकलने घरी येताना आमच्या मनात आले की, जी सबब आम्ही मालकाच्या तोंडून ऐकून घेत नाही, तीच आम्ही आमच्या बापाविषयी दोन वर्षे सांगत आलो. दिवा लावायला नको का माणसानं! दिव्याचे बटण खाटेपाशी का नव्हते? त्या खोलीत आम्ही पस्तीस वर्षे राहिलो. कारखान्यात प्रेसचा गार्ड तपासणारा हा कार्यकर्ता स्वतःच्या घरातल्या कठड्याकडे एकदाही पाहत नव्हता. बंधुभगिनींनो, आजचे आमचे भाषण म्हणजे त्या दिवसाचे प्रायश्चित्त आहे असे समजा.

आता मुद्द्याकडे वळू. वृद्ध माणसाला बहुधा आपल्याच घरात राहावयाचे असते. त्याची ओळखीची माणसे, त्याचे देऊळ, त्याचा वाणी, त्याचा कट्टा सारे तिथेच असते. ही इच्छा योग्य आहे. पण ती नुसत्या प्रेमाने पुरी होत नाही. कारखान्याची तपासणी होते तशी घराची तपासणी व्हावी लागते. ही तपासणी दिवसा करू नये. रात्री करावी, आणि घरातल्या वृद्धाचा खाटेपासून संडासापर्यंतचा जो रस्ता आहे, त्याच रस्त्याने पायी करावी.

सुरुवात खाटेपासून. खाटेवर बसले असता दोन्ही पाऊले जमिनीला सपाट टेकली पाहिजेत आणि गुडघे काटकोनात आले पाहिजेत. सर्वसाधारण माणसाला गादीसकट अठरा इंचांच्या आसपासची उंची ठीक पडते. बुटक्या माणसाला थोडी कमी. मध्ये खोलगट झालेल्या बाजेवरून उठणे म्हणजे खड्ड्यातून वर येणे. दिव्याचे बटण पडल्या पडल्या हाताला लागावे. चष्मा, काठी, पाण्याचे भांडे आणि फोन यांची जागा ठरलेली असावी. रक्तदाबाच्या काही औषधांनी एकदम उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून मिनिटभर काठावर बसून मग उभे राहण्याची सवय लावावी. अंधारी वारंवार येत असेल, तर आपल्या मनाने गोळी बंद न करता ते डॉक्टरांना सांगावे.

पुढे रस्ता. एका खोलीच्या घरात रात्री जमिनीवर माणसे झोपलेली असतात हे आम्ही विसरलेलो नाही. अशा घरात वृद्धाची खाट मोरीकडच्या भिंतीला असावी, म्हणजे त्याला अंधारात नातवंडांच्या अंगावरून पाय टाकीत जावे लागणार नाही. टेलिव्हिजनची वायर, दुमडलेले पायपुसणे, पाट, धान्याचा डबा या वस्तू दिवसा निरुपद्रवी दिसतात. रात्री त्याच पाय अडकवितात. पायपुसण्याखाली रबर असावे, नाहीतर ते नसावेच. उंबरठा काढता येत असेल तर काढावा. कुळाचार म्हणून ठेवावयाचा असेल तर त्याच्या कडेला ठसठशीत रंगाचा पट्टा ओढावा. पायात जुनी सैल सपाता नको. मागे पट्टा असलेली आणि तळवा न झिजलेली चप्पल हवी.

मग मोरी, न्हाणी आणि संडास. सर्वांत जास्त लक्ष इथे दिले पाहिजे, कारण इथे पाणी, साबण, तेल आणि उघडे पाय हे चौघे एकत्र येतात. जुनी खडबडीत शहाबादी फरशी दिसायला गरीब, पण पायाला इमानी होती. आता घराघरांत आरशासारख्या टाइल्स बसतात. न्हाणीत तरी त्या नकोत. खरखरीत पृष्ठभागाच्या मिळतात, त्या घ्याव्या. पाटावर बसून उठणे कठीण जात असेल, तर पायांना रबर लावलेली खुर्ची घ्यावी आणि बादली एका घडवंचीवर ठेवावी, म्हणजे तांब्यासाठी वाकावे लागत नाही. बादलीत आधी गार पाणी आणि मग कढत पाणी ओतावे. गॅसचा गीझर बंद न्हाणीत कदापि बसवू नये. हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो, त्याला वास नसतो, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो. विजेचा गीझर असेल तर करंट गळताच वीज तोडणारे ई.एल.सी.बी.चे बटण घराला बसविलेले असावे.

धरायच्या दांड्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण त्यात फसवणूक फार होते. टॉवेल टाकण्याचा दांडा हा धरायचा दांडा नव्हे. संपूर्ण देहाचे वजन आले की तो स्क्रूसकट बाहेर येतो. हवेच्या चोषणीने टाइलला चिकटणारे दांडे मिळतात, त्यांच्यावर जीव टाकू नये. दांडा स्टेनलेस स्टीलचा, मुठीत भरेल असा सुमारे दीड इंच जाडीचा असावा. दांडा आणि भिंत यांत दीड इंचाचे अंतर असावे. त्याहून जास्त ठेवले तर घसरताना हात आत अडकतो. भिंत विटांची आहे की हलक्या ठोकळ्यांची, हे पाहून त्याप्रमाणे बोल्ट निवडावा. बसविल्यावर घरातल्या सर्वांत जड माणसाने त्याला लोंबकळून पाहावे. आमच्या युनियनमधल्या एका फिटरने हा नियम घालून दिला आहे, आणि आम्ही तो शास्त्रवचनासारखा पाळतो.

उकिडवे बसणे जमत नसेल, तर सुमारे अठरा इंच उंचीच्या कमोडला पर्याय नाही. न्हाणीचे दार शक्यतो बाहेरच्या बाजूस उघडावे. आत पडलेल्या माणसाच्या देहानेच आत उघडणारे दार अडते, आणि बाहेरची माणसे धडका मारीत राहतात. आतली कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. स्वयंपाकघराचा नियम एका वाक्यात सांगता येतो : रोजची वस्तू कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. पोटमाळ्यावरचे पितळेचे डबे काढायला साठीनंतर कोणी स्टुलावर चढू नये. भरलेल्या सिलिंडरचे वजन तीस किलोच्या आसपास असते; तो सरकविणे हे वृद्धेचे काम नव्हे.

शेवटी जिना. आपल्या गावातल्या जुन्या वाड्यांचे लाकडी जिने आम्ही काल फिरून पाहिले. उभे, अरुंद, आणि हातात फक्त एक दोरखंड. अशा जिन्याला दोन्ही बाजूंनी अडीच ते तीन फूट उंचीचा कठडा हवा, आणि तो शेवटच्या पायरीपाशी न संपता फूटभर पुढे यावा. कारण माणूस पडतो तो बहुधा पायऱ्या संपल्या असे वाटते तिथे. पायरीच्या धारेला पट्टा, वर आणि खाली बटण असलेला दिवा, आणि जिन्यात कुंड्या, सायकली, चपला यांना मज्जाव. यातले काही महाग आहे का, हे आपणच पाहा. दोन दांडे, तीन दिवे, एक खुर्ची, थोडा रंग आणि एक रविवार.

याने खरेच काही फरक पडतो काय, असा प्रश्न विचारणे रास्त आहे. औषधोपचारांच्या प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली अनेक देशांतील प्रयोगांचा आढावा प्रसिद्ध केला. घरातले धोके दूर केल्यावर पडण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटले. आणि जे आधी पडलेले होते किंवा ज्यांना रोजच्या कामात मदत लागत होती, अशांच्या बाबतीत ते ३८ टक्क्यांनी घटले. ज्यांना असा विशेष धोका नव्हता, त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही, हेही त्याच आढाव्यात आहे आणि तेही सांगितले पाहिजे. याचा अर्थ असा की, साधने थोडी असतील तर सुरुवात एकदा पडलेल्या माणसापासून करावी. "फक्त खरचटलं, काही झालं नाही" असे ज्याच्याविषयी सांगितले जाते, त्याचे घर सर्वांत आधी तपासावे. त्याच संस्थेच्या २०१९ च्या आढाव्याप्रमाणे व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी होते. तेव्हा म्हाताऱ्याला खुर्चीत बसवून ठेवणे ही सुरक्षितता नव्हे. बसून राहणाऱ्याचे पाय आणखी दुबळे होतात, आणि दुबळे पाय पुन्हा पाडतात.

परंतु एवढे सगळे करूनही फसण्याचा एक मार्ग आहे, आणि तो आम्ही अनुभवाने शोधला. नाना गेल्यावर आम्ही उत्साहाने मोरीत एक भक्कम दांडा बसविला. महिन्याभराने पाहतो तो त्यावर आईची लुगडी वाळत घातलेली! आम्ही चिडून विचारले, "आई, हा धरायला लावलाय ना?" ती म्हणाली, "अरे, तो तू तुझ्यासाठी लावलास. माझा हात तिथवर पोचतो का, ते एकदा तरी विचारलंस?" आम्ही दांडा आमच्या खांद्याच्या मापाने बसविला होता; आणि आई आमच्याहून फूटभर बुटकी. मग आम्ही तिला म्हटले, "तू रोज जशी जातेस तशी जा, आम्ही नुसते पाहतो." ती उठली. उजवा गुडघा दुखतो म्हणून तिने डावा पाय आधी टाकला, डावा हात चौकटीवर ठेवला, आणि मग पिंपाच्या काठावर भार दिला. म्हणजे इतकी वर्षे ती अर्ध्या भरलेल्या पिंपाच्या आधाराने आत जात होती! पिंप रिकामे असते त्या दिवशी काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. नवा दांडा चौकटीच्या डाव्या बाजूला, तिच्या कोपराच्या उंचीवर बसविला. आई आज चौऱ्याऐंशी वर्षांची आहे आणि तो दांडा तिच्या हाताने घासून गुळगुळीत झाला आहे.

कामगारांचे मागणीपत्र कामगारांना न विचारता लिहिले तर ते कितीही चांगले असले तरी त्याच्यामागे कोणी उभे राहत नाही, हे आम्ही पंचवीस वर्षे इतरांना शिकवीत होतो. घरात मात्र आम्ही मालकासारखे वागलो. "आता तुमचं वय झालं, हे करू नका, तिथे जाऊ नका," असे वडीलधाऱ्यांना सांगितले की त्यांचा स्वाभिमान उभा राहतो, आणि ते रात्री गुपचूप अंधारात उठतात. त्यापेक्षा विचारावे, "नाना, घरात कुठे अडतं?" उत्तर लगेच मिळत नाही. पण मिळते तेव्हा ते नेमके असते.

आणखी एक गोष्ट कामगार कार्यकर्ता म्हणून सांगणे आमचे कर्तव्य आहे. "आमचे आईवडील शेवटपर्यंत घरीच राहिले," असे आपण अभिमानाने म्हणतो. ते घरी राहिले म्हणजे कोणाच्या श्रमावर राहिले? बहुधा सुनेच्या, लेकीच्या, किंवा महिना ठरवून ठेवलेल्या बाईच्या. नानांना अंथरुणावरून उचलून आमच्या बायकोची कंबर कायमची धरली. गोदीतल्या हमालाच्या पाठीवर किती वजन द्यावे यावर आम्ही भांडलो. पण घरात एका बाईने दिवसातून आठ वेळा पन्नास किलोचा देह एकटीने उचलला, त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात आहे? खाटेची उंची नीट असेल, शेजारी दांडा असेल, तर रोगी अर्धे वजन स्वतः पेलतो. तेव्हा घराची ही सुधारणा जितकी वृद्धासाठी आहे, तितकीच त्याची सेवा करणाऱ्या बाईसाठी आहे. तिचे घर हे तिच्या कामाची जागा आहे. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. परंतु स्वतःच्या घरात राबणाऱ्या सुनेची नोंद कुठल्याच मंडळात होत नाही. तिच्यासाठी निदान घरातल्या पुरुषांनी पाळ्या लावून घ्याव्या. पाळीचा अर्थ गिरणगावाला शिकवावा लागत नाही.

आतापर्यंत जे सांगितले ते एकेका घरापुरते झाले. पण जिना एकट्याचा नसतो, लिफ्ट एकट्याची नसते, आणि घराचा नकाशा तर आपल्या हातात मुळीच नसतो. मुंबईच्या बी.डी.डी. चाळी १९२० नंतरच्या दशकात बांधल्या गेल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. त्यांच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरे उभी राहत आहेत, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या रहिवाशांना चाव्या मिळाल्या. गिरणी कामगारांसाठी २०१२ साली सोडत निघाली, ती सव्वादोनशे चौरस फुटांच्या घरांची. ही घरे मिळविण्यासाठी माणसांनी आयुष्य झिजविले आहे, आणि ज्यांना ती मिळाली त्यांतले बहुतेक आज वृद्ध आहेत. संडास घरात आला, ही त्यांच्या दृष्टीने फार मोठी गोष्ट. रात्री काठी टेकीत गॅलरीच्या टोकापर्यंत जाणे संपले.

पण काही गेलेही. चाळीची रचना धोक्याची होती आणि तिची माणसे सुरक्षित होती. दार दिवसभर उघडे. सकाळी आजोबा गॅलरीत दिसले नाहीत तर दहा मिनिटांत कोणीतरी डोकावे. उंच इमारतीत रचना सुधारली, आणि दार बंद झाले. विसाव्या मजल्यावर पडलेला माणूस कोणाला ऐकू जाणार? तेव्हा नव्या इमारतीत जुन्या चाळीची ही एक रीत मुद्दाम नेली पाहिजे. एक किल्ली शेजारी असावी. रोज सकाळी ठरल्या वेळी एकमेकांना हाक किंवा फोन व्हावा. एकटा राहणाऱ्याने फोन गळ्यात किंवा खिशात ठेवावा, कपाटावर ठेवू नये. सरकारने वृद्धांसाठी १४५६७ या क्रमांकाची हेल्पलाइन चालविली आहे, तो क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावा. मात्र शेजाऱ्याचा क्रमांक त्याच्या वर असावा.

आमच्या चाळीच्या पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली तेव्हा सर्वांचे लक्ष चौरस फुटांवर होते. आम्ही रहिवाशांच्या सभेत पाच मागण्या मांडल्या : न्हाणीला पायरी नको, न्हाणीचे दार पावणेतीन फूट रुंद आणि बाहेर उघडणारे हवे, कमोडशेजारची भिंत दांडा पेलेल अशी भरीव हवी, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा, आणि वीज गेल्यावर एक लिफ्ट तरी जनरेटरवर चालली पाहिजे. बांधणाऱ्यांचा इंजिनिअर म्हणाला, "हे नंतर ज्याचं त्यानं करून घ्यावं." आम्ही विचारले, "भिंत उभी राहिल्यावर दार रुंद करायला किती खर्च येईल, आणि आज कागदावर रेघ सरकवायला किती?" तो हसला. तो भला मनुष्य होता. त्याला हे कोणी विचारलेच नव्हते. पाचांपैकी तीन मागण्या नकाशात आल्या. दोन राहिल्या आहेत. न्हाणीच्या दाराची आणि लिफ्टची. त्यांच्यासाठी आम्ही अजून भांडत आहोत. सभेत त्या दिवशी एक तरुण म्हणाला होता, "या म्हाताऱ्यांच्या मागण्यांसाठी आमचं घर का लांबवता?" त्याला आईने मागच्या रांगेतून उत्तर दिले, "बाळा, इमारत साठ वर्षं टिकणार म्हणतात. मी किती टिकणार? ही मागणी तुझी आहे."

आमच्या कामगार बंधूंना एक सूचना करून आटोपते घेतो. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि ग्रॅच्युइटीचा धनादेश मिळतो. १९७२ च्या कायद्याने आलेली ती ग्रॅच्युइटी मुलीचे लग्न आणि गावच्या घराचे छप्पर यांत जाते, हे आम्ही शेकडो घरांत पाहिले. त्यातला एक लहानसा हिस्सा स्वतःच्या न्हाणीसाठी, जिन्यासाठी बाजूला काढा, आणि तो साठाव्या वर्षी खर्च करा. पडल्यावर हे सारे करायचे ठरविले तर इस्पितळाचे बिल आधी येते, आणि किमान पेन्शन तर २०१४ साली महिना एक हजार रुपये ठरली, तेवढ्यात ना दांडा बसतो ना नर्स येते. प्रत्येक युनियनने, प्रत्येक हाउसिंग सोसायटीने चार माणसांचे एक पथक नेमावे : एक गवंडी, एक फिटर, एक वायरमन आणि एक वृद्ध बाई. पहिले तिघे हत्यारे आणतील. कुठे काय हवे, ते चौथी सांगेल.

चाळीच्या त्या खोलीत आमची खाट आता मोरीपासून चार पावलांवर आहे. वयाने आम्हीही त्या रांगेत येत आहोत. दिव्याचे बटण उशापाशी आहे. ते दाबताना रोज नानांची आठवण येते, आणि सतरा वर्षांपूर्वी एका वायरमनला अर्ध्या तासासाठी बोलावले असते तर, हा विचारही येतो. आपल्यावर तो विचार करण्याची पाळी येऊ नये. आज सभा संपल्यावर घरी जाल तेव्हा लगेच मोठा दिवा लावू नका. दाराशी क्षणभर उभे राहा, आणि आपली आई किंवा आपले वडील रात्री ज्या वाटेने उठून जातात त्या वाटेने एकदा चालून पाहा. कुठे हात आधार शोधतो ते लक्षात ठेवा, आणि उद्या सकाळी त्यांनाच विचारा.